क्रॅनाकनमधलं नेमकं काय जुनं आहे?

सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर मी लिहिलं होतं, 'क्रॅनाकन हा शेकडो वर्षं जुना स्कॉटिश गोड पदार्थ आहे.' पुढच्या स्लाइडवर जायच्या आत प्रश्न आला, "यातलं नेमकं काय शेकडो वर्षं जुनं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. माझा विषय ओट्सचं रसायन, इतिहास नव्हे, ही सबब चालली नाही. चालायलाही नको होती. तुम्हीही प्रस्तावनेत असं वाक्य सहज लिहून जाल, म्हणून सांगतोय.

आधी पदार्थ. ओट्सची जाडी भरड (नाश्त्याचे चपटे ओट्स नव्हेत) मंद आचेवर कोरडी भाजायची. घट्ट क्रीम फेटून त्यात मध आणि थोडी व्हिस्की घालायची, गार झालेली भरड हलक्या हाताने मिसळायची आणि रासबेरीसोबत ग्लासात थर लावायचे. ओट्समधलं लायपेज हे कडवटपणा आणणारं एन्झाइम गिरणीतल्या भट्टीतच निकामी झालेलं असतं. घरचं भाजणं खमंगपणासाठी.

आता प्रत्येक घटकाला वेगळं वय विचारा. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या हवेत गव्हापेक्षा ओट्स भरवशाचे, त्यामुळे ते तिथलं जुनं रोजचं अन्न. दूधदुभतंही जुनंच. व्हिस्कीची नोंद १४९४ च्या राजकीय हिशेबवहीत सापडते: जॉन कॉर या मठवासीयाला 'ॲक्वा व्हिटे' करण्यासाठी आठ बोल माल्ट. पण यावरून व्हिस्की बनत होती एवढंच कळतं, ती क्रीममध्ये पडत होती हे नाही. इथे बरेच जण घसरतात, मीही घसरलो होतो.

रासबेरीचं तर आणखी गमतीशीर. क्रॅनाकन सुगीचा पदार्थ म्हणून सांगतात. पण तिथे शेतातल्या रासबेरीचा भर जुलै-ऑगस्टमध्ये आणि ओट्सची कापणी बरीचशी त्यानंतर. सुगीच्या जेवणाला रानातली ब्लॅकबेरी जास्त जुळते.

मला सगळ्यात आवडलेला पुरावा मात्र समुद्रापलीकडचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गेलिक बोलणारी कुटुंबं कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर जाऊन वसली. तिथे हॅलोवीनला 'फुअरग' करतात: क्रीममध्ये कालवलेली ओट्सची भरड, आत लपवलेली अंगठी, नाणं, बटण. अंगठी सापडली की लग्न! मूळ घटक दोनच. आपल्या भाषेत हा कंट्रोल सॅम्पल म्हणा. रासबेरी मिळत नव्हती म्हणून गळली असेल, अशी शंका घ्याल. पण ती त्या भागात रानोमाळ उगवते. अर्थात वगळली जाण्याची इतर कारणं असू शकतात, त्यामुळे हा पुरावा बळकट आहे, निर्णायक नाही.

आणि शोधताना नावाला चिकटून राहू नका. एफ. मॅरियन मॅक्नील यांच्या १९२९ च्या 'द स्कॉट्स किचन'मध्ये हाच पदार्थ 'क्रीम-क्राउडी' म्हणून येतो. मी आठवडाभर फक्त 'क्रॅनाकन' टाइप करत बसलो होतो.

ती स्लाइड आता बदलली आहे: 'क्रीम आणि ओट्सची भरड ही जुनी जोडी, रासबेरी-व्हिस्कीचा ग्लास हे तिचं आजचं रूप.' ओळ लांबली, फॉन्ट लहान करावा लागला.