उसना हात

मराठवाड्यात परीक्षेच्या तोंडावर मोडलेल्या हाताला फार काळ एकच औषध होतं: ऑक्टोबर. फेब्रुवारीत पोरगं बैलगाडीवरून पडलं, उजवा हात गळ्यात आला, की घरचे म्हणत, "राहू दे, ऑक्टोबरला बस." नापासांच्या त्या परीक्षेत जायबंदी मुलंही गुपचूप बसत. निकाल लागेपर्यंत कॉलेजचे प्रवेश आटोपलेले असत. सहा आठवड्यांत जुळणारं हाड अख्खं वर्ष खाई. दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला सुरुवात झाली ती थेट 2015 साली.

बीड जिल्हा 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होता. 1 जानेवारी 1966 रोजी महाराष्ट्राचं राज्य मंडळ स्थापन झालं आणि बीडची मुलं औरंगाबाद विभागाकडे आली. पेपर लिहायला लेखनिकाची सवलत हवी तर अर्ज मुख्याध्यापकांनी पाठवायचा, सोबत डॉक्टरचा दाखला जोडायचा. खरी अडचण या दाखल्याचीच. गावातला हाड बसवणारा बांबूच्या कामट्या बांधून हात नीट करी. पण त्याच्याकडे शिक्का नव्हता. अंबाजोगाईत 1974 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पुढे त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मिळालं. त्यामुळे जिल्ह्याच्या पूर्व भागाला शस्त्रक्रियेची सोय तर झालीच, शिवाय कागदही जवळ आला.

लेखनिक घेण्याची वहिवाट रुजली ती प्रामुख्याने अंध विद्यार्थ्यांमुळे. मुंबईत अंधशाळा 1900च्या सुमारास निघाल्या. ब्रेलमध्ये लिहिणाऱ्या मुलाचा पेपर तपासनिसाला वाचता येत नाही, म्हणून लिहायला दुसरा हात. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, हा दंडक त्यातूनच आला: दहावीच्या मुलासाठी नववीतला. कारण उघड आहे, पण त्रासही मोठा. नववीच्या मुलाला भूमितीची आकृती नुसतं ऐकून काढायची असते, आणि "कोटिकोन" म्हटल्यावर तो गांगरला तर गुण जातात दुसऱ्याचे. केंद्र सरकारच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाच्या शिक्षणाची अट काढली. 2018च्या सूचनांनी ती परत आणली! वाढीव वेळ मात्र टिकला: तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016च्या कायद्यात ते 21 झाले. तरी लेखनिक मागायला गेलं की 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आडवं येई. विकास कुमार या डॉक्टर उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला, आणि 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला चुकीचं ठरवलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रानुसार 40 टक्क्यांची अट लेखनिकासाठी लावता येत नाही. ऑगस्ट 2022मध्ये केंद्राने तशा सूचनाही काढल्या.

यात प्लॅस्टरवालं पोर कुठे बसतं? काटेकोर पाहिलं तर कुठेच नाही. कायद्याची व्याख्या दीर्घकालीन दुर्बलतेची आहे. मनगटाचं हाड दीड महिन्यात जुळतं. त्याच्या वाट्याला विभागीय मंडळाची परवानगी येते, आणि ती वेळेत मिळणं बरंचसं मुख्याध्यापकांच्या धावपळीवर ठरतं. जुन्या शिक्षकांनी ही धावपळ वर्षानुवर्षं केली, हे खरं. पण एखाद्याची भलाई म्हणजे हक्क नव्हे.

बीडमध्ये या प्रश्नाला उसाचं पान चिकटलेलं आहे. 1972च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ वाढला. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. शाळेचं निम्मं वर्ष फडात जातं. तिथे कोयता आहे, भरलेली गाडी आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. पोराला लागतं ते पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर, अन् त्याचं नाव असतं धारूर किंवा शिरूर कासारच्या पटावर. दाखला एका जिल्ह्यातला, मुख्याध्यापक दुसऱ्यातला. त्यात दहावीला 75 टक्के हजेरीची अट. मागे आजीजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, 2021मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. वसतिगृहातल्या मुलाला इजा झाली, तर निदान अर्ज लिहायला शिक्षक जवळ असतो. फडावरच्या मुलाचा अर्ज मुकादमाने लिहावा, अशी तरतूद अजून कोणी केलेली नाही.