कुणाचे होते हे भांडे? जुन्नरच्या कासारांपासून मोबाइलवरच्या जुन्या मिक्सरपर्यंत

१/
गेल्या महिन्यात मोबाइलवरील जाहिरात पाहून मी घोडेगावच्या एका घरातून जुना मिक्सर घेतला. सौदा ७०० रुपयांवर ठरला. जुन्नरच्या खोलीवर आणून चालवला, तर मोटार फिरे, पाते मात्र हलेना. आईला फोनवर हे सांगितले. तिचा पहिला प्रश्न वेगळाच होता : “कुणाचा होता?” हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

२/
प्रारंभ जुन्नरपासूनच करू. कोकणातील बंदरांतून नाणेघाट चढून येणारा माल याच नगरात उतरत असे. येथील लेण्यांतील प्राकृत लेखांत व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणी भेटतात. ‘धंञिक’ म्हणजे धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. दुसऱ्या एका लेखात ‘वसकार’, म्हणजे बांबूकाम करणारे, आणि ‘कासाकार’, म्हणजे काशाचे काम करणारे, यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे.

३/
आजचा ‘कासार’ हा शब्द याच कुळातला, संस्कृत ‘कांस्यकार’वरून आलेला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणीकडे लोक विश्वासाने पैसा ठेवत, म्हणजे या धंद्याची पत केवढी असेल याची कल्पना करा.

४/
या विश्वासामागे धातूचाही गुण होता. मातीचे मडके फुटले की संपले. काशाचे, तांब्याचे वा पितळेचे भांडे फुटले तरी त्याची किंमत उरते. तिलाच आपण ‘मोड’ म्हणतो. जुने भांडे तराजूत घालायचे, वजनावर मोडीचा भाव धरायचा आणि वर पैसे भरून नवे घ्यायचे. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहारातून आला.

५/
त्यामुळे जुन्या भांड्याच्या खरेदीत फसवणुकीला जागा थोडी होती. वजन डोळ्यांसमोर होई, धातू वाजवून पाहता येई. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई आहे की उडाली, हे दिसतच असे. उडाली असेल तर भाता, नवसागर आणि कथील घेऊन कल्हईवाला दारी येई. दोष दिसत होता आणि त्यावरचा उपायही गल्लीतच होता.

६/
जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण हे याच बाजाराचे दुसरे रूप. तिच्या पाटीपुढे बसून घरातल्या बायका तासभर घासाघीस करीत. रोख रकमेवर हक्क नसलेल्या स्त्रीला स्वतःच्या अकलेने करता येणारा तो एक सौदा होता.

७/
भांड्यांचे मोल कायद्यानेही ओळखले. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांतील कर्जरोखे जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने ऋणकोचे आवश्यक कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी जप्तीतून वगळली. माणसाचे सर्व काही गेले तरी चूल पेटती राहावी, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

८/
आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. “कुणाचा होता?” हा प्रश्न निरागस नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो की धातूची भांडी क्षाराने, आंबट पदार्थाने आणि पाण्याने शुद्ध होतात. दहावा अध्याय मात्र ज्यांना ‘चांडाळ’ म्हणतो, त्यांनी वापरलेले भांडे टाकून द्यावे, असे सांगतो आणि त्यांना फुटक्या भांड्यात जेवायला लावतो. म्हणजे धातू शुद्ध होऊ शकत होता, पण काही माणसांच्या स्पर्शावर कोणताही क्षार चालत नव्हता.

९/
राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरी चहाचा वेगळा कप आणि कोपऱ्यातली वेगळी ताटली आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिली आहे. मोबाइलवरच्या बाजाराने नकळत एक गोष्ट केली : वस्तूचे छायाचित्र आधी येते, विकणाऱ्याचे आडनाव नंतर, कधीकधी येतच नाही. आईला मी इतकेच म्हणालो, “एका स्वयंपाकघरातला होता.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं. भांडं चांगलं घासून घे.”

१०/
मात्र या बाजारात मोडीचा आधार नाही. मिक्सरची किंमत वजनात नसते, ती झाकलेल्या मोटारीत असते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ काही अपवाद सोडून ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हेच तत्त्व मानते. पण छायाचित्रात पाहणार काय? म्हणून वस्तू समोर चालवून पाहावी, भांड्यात पाणी घालून भार द्यावा, जळका वास येतो का आणि पात्याखालून गळते का, हे तपासावे. पैसे त्यानंतर.

११/
आणि दुरुस्तीला कमी लेखू नये. भारतीय मिक्सरचा इतिहासच एका बिघाडातून सुरू होतो. माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा ब्राउन मिक्सर बिघडला आणि येथे त्याची दुरुस्ती होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंता होते. आपल्या वाटणाचा भार सोसेल असे यंत्र त्यांनी स्वतःच तयार केले. १९६३ मध्ये बाजारात आलेला तो ‘सुमीत’.

१२/
माझ्या मिक्सरचा बिघाडही किरकोळ निघाला. मोटारीची गती पात्यापर्यंत नेणारा कपलर झिजला होता. जुन्नरच्या एका दुरुस्तीवाल्याने तो दहा मिनिटांत बदलला. विकणाऱ्याला हे ठाऊक होते की नव्हते, ते मी विचारले नाही.

१३/
भांडे घासताना तळाजवळ कोरलेली अक्षरे दिसली : कुण्या मामाकडून लग्नात ‘सप्रेम भेट’, आणि तारीख. नाव अर्धे पुसले गेले आहे. लेण्यांतील दानलेखही असेच असतात : कुणी दिले, काय दिले, आणि शेवटी ‘देयधम’, म्हणजे हे दान. आपल्या घरातल्या मांडणीवरही असे लेख आहेत, आपण ते वाचत नाही एवढेच.

१४/
घोडेगाव ज्या तालुक्याचे ठाणे आहे, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव बुडाले, तालुक्याचे नाव राहिले. तुमच्या घरातील सर्वांत जुन्या भांड्यावर कुणाचे नाव आहे, ते आज पाहा आणि येथे लिहा. “कुणाचे होते?” हा प्रश्न टाळायचा नाही. तो विचारण्याचे कारण मात्र आपण बदलू शकतो.