मुंबईच्या गिरण्यांचा धूर व कोळशाच्या खतावण्या

मुंबई बेटांतील कापडगिरण्यांचा इतिहास भांडवल, मजूर व बाजारपेठ या तीन अंगांनीं पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यांच्या धुराड्यांतून वातावरणांत काय गेलें, हें चौथें अंग मात्र बहुतांशीं उपेक्षित राहिलें. त्या अंगाचीं साधनें कोणतीं, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेली ताडदेव येथील गिरणी १८५६ त चालू झाली. त्याच वर्षीं अमेरिकेंत यूनिस फूट या विदुषीनें, कार्बन डायऑक्साइड भरलेली कांचेची नळी उन्हांत साध्या हवेच्या नळीपेक्षां अधिक तापते, असें प्रयोगानें दाखविलें. या दोन घटनांचा संबंध तेव्हां कोणास दिसण्याजोगा नव्हता.

धूर मात्र दिसत होता. १९१२ सालीं मुंबई इलाख्यांत धूरप्रतिबंधक कायदा झाला. पण त्याचा रोंख काळ्या धुरावर होता. कोळसा जितका पूर्ण जळावा तितकी काजळी कमी व हा अदृश्य वायु अधिक. म्हणून स्वच्छ धुराडें हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांस मिळूं लागली व त्यांची कोळशावरील भिस्त कमी झाली. मात्र अशाच दुसऱ्या योजनेपायीं मुळशीकरांच्या जमिनींवर पाणी आलें व १९२१ चा सत्याग्रह उद्भवला.

वायूची मोजदाद गिरणींत होत नसे. कोळसा मात्र पैसे मोजून घेतला जाई. १२ भार कार्बन जळून ४४ भार कार्बन डायऑक्साइड होतो. सबब शेंकडा ६० कार्बन असलेल्या १ टन कोळशापासून सुमारें २.२ टन वायु निघतो. खतावणींतील टनांचा आंकडा व कोळसा विलायती कीं बंगालचा, हें कळलें कीं हिशेब मांडतां येतो.

उद्योगयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. आज तो ४२० हून अधिक आहे. या वाढीचा दोष कोणाकडे किती, हा राष्ट्राराष्ट्रांतील वाद आहे. त्यांत मुंबईचा वांटा अल्पच ठरेल. पण तो तर्कानें नव्हे, कागदानें ठरावा.

१९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. त्यांचीं दफ्तरें रद्दींत गेलीं तर हें साधन कायमचें नष्ट होईल. सनदा व महजर जपणाऱ्या संग्राहकांनीं कोळशाचीं बिलेंहि त्याच आस्थेनें जपावीं, अशी विनंति आहे.