रक्तातील वंशावळ



दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बैल घेऊन हेळवी येत आला आहे. अंगणात बसून तो चोपडी उघडतो आणि पणजोबाच्या पणजोबापर्यंतची नावे धडाधड वाचून दाखवतो. घरातली म्हातारीकोतारी कौतुकाने ऐकतात. पण समजा, त्याच चोपडीत असेही लिहिले असते, की अमक्या आज्याला वेड लागले होते, तमक्या आत्याला कर्करोग झाला होता, तर ते चारचौघांत वाचलेले आपल्याला चालले असते काय? मुळीच नाही! आणि गंमत अशी, की ही दुसरी चोपडी खरोखरच आहे. ती आपल्या रक्तात आहे. तिला शास्त्रज्ञ डीएनए म्हणतात.

ही चोपडी कोणी उघडावी, यावरून एका देशात मोठा वाद झाला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

तो देश म्हणजे आइसलँड. उत्तर अटलांटिक महासागरातले हे थंड बेट. १९९८ साली तिथली वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. नवव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्वेकडची माणसे तिथे येऊन राहिली. या लोकांना वंशावळीचे भारी वेड. १७०३ सालीच त्यांनी माणसामाणसाचे नाव लिहून खानेसुमारी केली. ती भरली सुमारे ५० हजार. आजही तिथला माणूस आपली पिढी शतकानुशतके मागे सांगू शकतो.

कारी स्टेफान्सन नावाच्या डॉक्टरांनी हे हेरले. घराण्यांची नावे आहेत, दवाखान्यांतले केसपेपर आहेत. त्यांना रक्ताच्या तपासणीची जोड दिली, तर कोणता रोग कोणत्या घराण्यात का उतरतो ते उमगेल, असा त्यांचा विचार. विचार वाईट नव्हता. १९९६ साली त्यांनी ‘डीकोड जेनेटिक्स’ ही कंपनी काढली. डिसेंबर १९९८ मध्ये आइसलँडच्या संसदेने कायदा केला, आणि २००० साली साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एकत्र करण्याचा परवाना या कंपनीला मिळाला.

खरी मेख इथेच होती. नोंदी घेण्याआधी कोणाला विचारायचे नव्हते. ज्याला नको असेल त्याने आपणहून अर्ज भरून कळवायचे; जो गप्प बसेल त्याची संमती आहे असे धरायचे. आणि जे मरून गेले, ते अर्ज कसा भरणार? त्यांच्याही नोंदी जाणारच होत्या.

आता तुम्ही म्हणाल, नावे झाकून आकडे टाकले की झाले! पण तालुक्याएवढ्या वस्तीत ‘अमक्या वयाचा, इतकी भावंडे असलेला, अमक्या रोगाचा माणूस’ म्हटले, की नाव सांगायला लागत नाही. अनेक डॉक्टरांनी विरोध केला. सुमारे २० हजार लोकांनी ‘आमचे नको’ असे कळवले.

अशात एक मुलगी पुढे आली. तिचे वडील १९९१ साली वारले होते. त्यांच्या नोंदी देऊ नका, असा अर्ज तिने केला. सरकारने तो नाकारला. ती कोर्टात गेली, खाली हरली, पण मागे हटली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे, की बापाच्या आनुवंशिक माहितीवरून मुलीबद्दलही अनुमान काढता येते. तेव्हा हा प्रश्न तिच्या स्वतःच्या खासगीपणाचा आहे. शिवाय नावे झाकण्याची हमी कायद्यात पुरेशी नव्हती. तो सरकारी संग्रह पुढे कधी उभा राहिलाच नाही.

मग संशोधन थांबले काय? नाही! कंपनीने माणसामाणसाला विचारून, त्याची लेखी संमती घेऊन रक्त गोळा करण्याचे काम चालू ठेवले. आणि देशातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांनी ते दिले. न विचारता घ्यायला निघाले तेव्हा कोर्टकचेरी झाली. विचारले तेव्हा लोकांनी आपण होऊन हात पुढे केला.

हे सारे दूरदेशीचे खरे, पण आपल्या दाराशीही तोच प्रश्न आला आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्या देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या कोट्यवधी लोकांची, विशेषतः आदिवासी भागात, रक्ततपासणी करण्याचे ठरले. महाराष्ट्रही त्यात आहे. ही तपासणी अवश्य करून घ्यावी. वेळीच कळले तर जीव वाचतो. परंतु ‘वाहक’ म्हणजे रोगी नव्हे, हे गावाला ठाऊक नसते. एखाद्या मुलीच्या कार्डावरचा शब्द पारावर पोहोचला, तर तिची सोयरीक अडणार नाही काय?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, तपासणीची यादी तुमच्या हाती आली तर ती वर्गात मोठ्याने वाचू नका. ज्याचा कागद त्याच्या आईबापांच्या हाती द्या आणि त्याचा अर्थ शांतपणे समजावून सांगा. आणि शेतकरी बांधवांनो, रक्त देताना ‘हे कशासाठी, आणि कागद कोणाकडे राहणार?’ असे खुशाल विचारा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले आहे, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

हेळवी चोपडी उघडतो तो घरधन्याच्या अंगणात, त्याच्या संमतीने. रक्तातल्या चोपडीलाही तोच रिवाज असावा.