पुराणमतवाद आणि उस्मानिया विद्यापीठ

पुराणमतवाद म्हणजे केवळ बदलाला विरोध नव्हे. परंपरा, धर्म, कुटुंब, मालमत्ता व प्रस्थापित सत्ता यांवर या विचारप्रणालीची श्रद्धा असते. तथापि, १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर कठोर टीका करणाऱ्या एडमंड बर्क यांनीही क्रमाक्रमाने होणारी सुधारणा आवश्यक मानली होती.

हैदराबादमधील तारनाक्याजवळचे उस्मानिया विद्यापीठ हे या विचाराचे बोलके उदाहरण होय. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१७ च्या फर्मानातून ते आकारास आले व १९१८ मध्ये स्थापन झाले. आधुनिक शास्त्रे शिकवायची, पण उर्दूतून. इंग्रजी सक्तीची, पण केवळ एक विषय म्हणून, असे त्याचे धोरण होते. पाठ्यपुस्तकांसाठी दारुत्तर्जुमा हा अनुवाद विभाग उभारला गेला. जुने राखून नवे स्वीकारण्याचा हा प्रयत्न निःसंशय मोलाचा होता.

परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी वा कन्नड होती. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ गाण्यावरून विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. येथे परंपरेच्या रक्षणापेक्षा सत्तेचे रक्षण वरचढ ठरले.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दू माध्यम गेले. त्याची जागा मात्र तेलुगू वा मराठीने नव्हे, तर इंग्रजीने घेतली. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याची परंपरा त्यामुळे खंडित झाली. म्हणून पुराणमतवाद शिकवताना कोणाची परंपरा राखली जाते, हा प्रश्न विचारावा. आणि बदल घडताना राखण्याजोगे काय गमावले, हाही विचारावा.