सार्वजनिक ग्रंथालय आणि शालापूर्व बालक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

बालकाच्या स्वास्थ्याचा विचार करताना पोषण, लसीकरण व स्वच्छता यांचा उल्लेख प्रथम होतो. ग्रंथालयाचा उल्लेख क्वचितच आढळतो. ज्याला अक्षरओळख नाही त्याला ग्रंथालयाचा काय उपयोग, ही शंका त्यामागे असते. ग्रंथालय चळवळीने या शंकेचे निरसन कसे केले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वयाकडून स्वाक्षरीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अनेक अमेरिकी ग्रंथालयांत बारा-चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसे. ॲन कॅरोल मूर यांनी 1906 पासून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाची धुरा सांभाळली. पुस्तके जपण्याचे वचन देऊन नोंदवहीत स्वतःचे नाव लिहू शकणारे मूल त्यांनी सभासद मानले. वयाची अट गेली. स्वाक्षरीची मात्र राहिली. तरीही घरी इंग्रजी नसलेली मुले अलिप्तच राहत. 1921 मध्ये याच संस्थेत रुजू झालेल्या पुरा बेलप्रे यांनी पुढे पोर्तोरिकन मुलांना स्पॅनिशमधून कथा सांगण्यास प्रारंभ केला. आईच्या भाषेला सार्वजनिक वास्तूत मान मिळाला, की मुलाचा आत्मविश्वास वाढतो व आईचा संकोचही गळून पडतो.

मांडीवरील वाचक

स्वाक्षरीचा उंबरठा इंग्लंडमध्ये 1992 साली ओलांडला गेला. बर्मिंगहॅम येथील 'बुकस्टार्ट' प्रकल्पात सुमारे 300 तान्ह्या बालकांच्या कुटुंबांना मोफत पुस्तके देण्यात आली. ग्रंथालय सेवा व आरोग्य सेवा यांनी हे कार्य संयुक्तपणे केले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. वेड व मूर या अभ्यासकांच्या पाहणीत या कुटुंबांतील पालक मुलांसह अधिक वेळ पुस्तकांत रमतात आणि ती मुले शाळाप्रवेशाच्या वेळी पुढे असतात, असे आढळले. येथे पुस्तक हे मांडीवर बसण्याचे, आवाज ऐकण्याचे व जवळीक अनुभवण्याचे निमित्त ठरते.

भारतीय संदर्भ

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था झाली आणि फिरत्या पेट्यांद्वारे ग्रंथ खेडोपाडी पोहोचले. माता व मूल हे दोघेही ग्रंथालयाच्या कक्षेत येतात, ही जाणीव त्यात होती. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 मध्ये झाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 मध्ये देशात सुरू झाली. परंतु ग्रंथालये एका खात्याकडे आणि अंगणवाड्या दुसऱ्या खात्याकडे, अशी विभागणी राहिली.

समारोप

मुलाने ग्रंथालयासाठी पात्र व्हावे, ही अपेक्षा मागे पडत गेली आणि ग्रंथालयाने मुलासाठी पात्र व्हावे, हा विचार पुढे आला. आपल्याकडे गावातील ग्रंथालय आणि अंगणवाडी यांच्यातील अंतर बहुधा काही पावलांचेच असते. ते ओलांडण्यासाठी नव्या इमारतीपेक्षा दोन खात्यांच्या समन्वयाचीच गरज अधिक आहे.