नकाशावरचं रुग्णालय

रुग्णालयाची जागा ठरवणं म्हणजे नगररचनेचं कोरडं काम, असं आपल्याला वाटतं. पण मुंबईचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नावर माणसं रस्त्यावर उतरलेली दिसतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आढळला. रोग्यांना घरातून उचलून दूर आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात नेऊ लागले. हा भाग गिरण्यांचा. ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. का? तर त्यांच्या लेखी तिथे गेलेला माणूस घरच्यांना कायमचा दुरावत होता.

आता तीस वर्षं पुढे येऊ. १९२६ मध्ये त्याच गिरणगावात, परळला, केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. १९४१ मध्ये टाटा रुग्णालय. ज्या वस्तीने रुग्णालयावर दगड उचलले, तिलाच ते चालत जाण्याइतकं जवळ आलं.

मग १९६६ चा नगररचना कायदा आला. त्यानुसार विकास आराखड्यात रुग्णालयासाठी भूखंड आरक्षित करता येतात. पण याच कायद्याचं कलम १२७ बघा. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरावीक मुदतीत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं.

म्हणून प्रारूप आराखड्यावर हरकती मागवतात, तेव्हा आपण दोन गोष्टी विचारायला हव्यात: आपल्या वॉर्डात रुग्णालयाची जागा कुठे आहे, आणि ती ताब्यात कधी येणार?